दुकान पुढच्या हातात देताना: छोट्या व्यावसायिकांसाठी वारसा-नियोजन, पायरी पायरीने

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालक गेल्यावर सगळ्यात आधी थांबतं ते बँकेचं खातं. बातमी पोचली की बँक व्यवहार रोखते. पुरवठादारांना दिलेले पुढच्या तारखेचे चेक 'खातेदार मयत' असा शेरा घेऊन परत येतात, गल्ल्यावरच्या क्यूआर कोडचा भरवसा उरत नाही. त्यातच जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख येते. ओटीपी जातो मालकाच्या फोनवर, आणि त्या फोनचा पॅटर्न घरात कोणाला ठाऊक नसतो. तेराव्याच्या आत दुकानाची घडी विस्कटते. वाटणीचा विषय तर अजून निघायचाच असतो.

वारसा म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट मृत्युपत्रावर जाते. मृत्युपत्र पाहिजेच, पण त्याने ठरतं ते मालमत्ता कोणाच्या नावावर जाणार एवढंच. शटर कोण उघडणार, उधारीवाला कोणाला जुमानणार, बँक कोणाच्या सहीवर कर्जाची लिमिट चालू ठेवणार, हे त्यात लिहून होत नाही. वाटणी हे एक काम आणि धंदा सोपवणं हे दुसरं. पहिलं एका दुपारी उरकतं, दुसऱ्याला तीन-चार वर्षं लागतात. म्हणून पंचावन्नच्या आसपास सुरुवात केलेली बरी.

सोयीसाठी एक कुटुंब धरू. तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान, मालक अण्णा साठीला टेकलेले. घरी अण्णांची आई, पत्नी (आपण त्यांना काकू म्हणू) आणि तीन मुलं. थोरला पंधरा वर्षं दुकानात आहे, ताई लग्न होऊन नाशिकला, धाकटा पुण्यात नोकरीला. कुटुंब काल्पनिक आहे, पण हिशेबाच्या फायली घेऊन येणाऱ्या निम्म्या घरांचं चित्र याच्या आसपासचंच असतं.

पहिली पायरी: धंदा कागदावर कोणाचा आहे ते बघा

बोर्डावर 'अँड सन्स' लिहिलंय म्हणून मुलगे मालक होत नाहीत. जीएसटीच्या नोंदणीवर, उद्यमच्या (लघुउद्योग नोंदणीच्या) प्रमाणपत्रावर आणि बँकेच्या चालू खात्यावर कोणाचा पॅन आहे ते पाहा. अण्णांचाच पॅन असेल तर ती प्रोप्रायटरशिप, आणि कायद्याच्या नजरेत दुकान व अण्णा वेगळे नाहीत. अण्णा गेले की ती जीएसटी नोंदणी पुढे चालवता येत नाही, ती रद्द करून वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी घ्यावी लागते.

भागीदारी असेल तर करारनामा शोधून काढा आणि मृत्यूचं कलम वाचा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेल्यावर फर्मच विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर करारात काहीही लिहा, एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. दोघा भावांच्या पुष्कळ फर्म इथे अडकतात.

मग जागा बघा. गाळा विकतचा असेल तर कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज आहे का? एमआयडीसीतला प्लॉट असेल तर तो लीजवर असतो आणि नावात बदल महामंडळाच्या परवानगीनेच होतो. भाड्याचा असेल तर करार लीव्ह अँड लायसन्सचा की जुन्या भाडेकरूपणाचा? मुंबईतल्या पागडीच्या किंवा इतर जुन्या भाडेकरूंसाठी १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला तर, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानलं जातं. तसं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. तेव्हा मुलगा दुकानात बसतो हे कागदावर दिसलं पाहिजे: पगाराची नोंद, भागीदारीचा करार, शॉप अ‍ॅक्टच्या कागदांवरचं नाव, काहीतरी.

दुसरी पायरी: धंद्याची वही

याला खर्च शून्य, आणि उपयोग सगळ्यात जास्त. दोनशे पानी वही घ्या, टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) प्रिंट नको. टॅलीत जे नाही तेच इथे लिहायचं आहे.

उधारीपासून सुरुवात करा. कोणाकडे किती हे खतावणीत असतंच. वहीत लिहा ते हे: कोण पोळ्याला देतो, कोण ऊस बिल आल्यावर देतो, कोणाला तगादा लावला तर गिऱ्हाईक तुटेल, आणि कोणाचे पैसे आता बुडीत धरायचे. मालाच्या उधारीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मोठ्या थकबाकीदाराकडून दरवर्षी मार्चअखेर येणं बाकी असल्याची सही घेऊन ठेवली तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. अण्णांच्या शब्दावर चाळीस हजारांचा माल उचललेला कंत्राटदार अण्णांच्या मागे थोरल्यालाही तेवढाच मानेल, यावर विसंबू नका.

देणंही तितकंच खरं लिहा. हातउसने घेतलेले पैसे, पतसंस्थेचं कर्ज, भिशी, मेहुण्याकडून व्याजाने आणलेले दोन लाख. आपण कोणाला जामीन आहोत हेसुद्धा. घरच्यांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो या पानाचा, आणि तो मालक जिवंत असताना बसलेला बरा.

मग पुरवठादार: कोणता माल कोणाकडून, किती दिवसांच्या क्रेडिटवर, कोणत्या सवलतीवर. एजन्सी असेल तर डिपॉझिट किती आणि ते कुठल्या कागदावर आहे. कामगारांची उचल. विम्याच्या पॉलिसी. दुकानाचा फोन नंबर कोणाच्या नावावर आहे, कारण गिऱ्हाईक, व्हॉट्सअ‍ॅप, ओटीपी सगळं त्या एका सिमवर लटकलेलं असतं. पासवर्ड वहीत लिहू नका. ते बंद पाकिटात, आणि पाकीट कुठे आहे ते पत्नीला किंवा एका मुलाला माहीत. तिजोरीची दुसरी किल्लीही तशीच.

एक काम आजच करता येतं. जीएसटी पोर्टलवर एकाहून जास्त ऑथराइज्ड सिग्नेटरी, म्हणजे सहीचा अधिकार असलेली माणसं, ठेवता येतात. थोरल्याला त्याच्या स्वतःच्या मोबाइल आणि ई-मेलसह जोडून घ्या. बँकेतही त्याच्या नावाने मुखत्यारपत्र देऊन सहीचा अधिकार द्या. अण्णा महिनाभर दवाखान्यात पडले तरी दुकान चालेल. पण मुखत्यारपत्राची मर्यादा लक्षात ठेवा. देणारा वारला की ते संपतं, आणि त्याची मानसिक क्षमता गेली तरीही संपतं. अण्णांनंतर धंदा चालवायला ते कामाला येत नाही.

तिसरी पायरी: माणूस ठरवा, आणि त्याला विचारा

थोरला पंधरा वर्षं दुकानात बसतो म्हणून त्याला दुकान हवंच आहे, असं गृहीत धरू नका. कित्येक मुलं बाबांना नाही म्हणता येत नाही म्हणून गल्ल्यावर बसलेली असतात. उलट, नाशिकच्या ताईला धंद्याची जाण अधिक असू शकते, आणि तिला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. प्रत्येकाशी वेगवेगळं बोला, मग एकत्र बसवा. जावई-सुना पहिल्या बैठकीला नकोत असं जुने लोक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण निर्णय झाल्यावर रात्री घरी तो त्यांच्यासमोरच उलगडला जातो. समोर बसून ऐकलेलं बरं.

घरची सून दुकान सांभाळत असेल तर तिचा विचार वेगळा करा. मुलगा हयात असताना सून ही सासऱ्याची कायदेशीर वारस नसते. रोज शटर उघडणारी तीच आणि कागदावर तिचं नाव कुठेच नाही, अशी दुकानं मी पुष्कळ पाहतो. तिला भागीदार करा किंवा मृत्युपत्रात नाव घाला. तोंडी कौतुकावर ठेवू नका.

माणूस ठरल्यावर त्याची परीक्षा घ्यायची एक चांगली रीत म्हणजे वारी. आळंदीहून पंढरपूरला पायी जायला जवळपास तीन आठवडे लागतात. अण्णांनी जावं आणि फोन बंद ठेवावा. परत आल्यावर गल्ला किती भरला ते नंतर पाहा. आधी विचारा, कोणते निर्णय अडले. किंमत कमी करायचा अधिकार नव्हता? चेकवर सही नव्हती? कामगाराने ऐकलं नाही? ती यादी म्हणजेच पुढच्या वर्षभराचा अभ्यासक्रम.

अधिकार टप्प्याटप्प्याने द्या, पण दिलेला परत घेऊ नका. आधी खरेदी, मग उधारीची मर्यादा ठरवण्याचा हक्क, मग बँकेचे कागद, शेवटी कामगार ठेवणं-काढणं. थोरल्याने एखाद्याला उधार नाकारलं आणि तो माणूस संध्याकाळी अण्णांच्या घरी येऊन माल घेऊन गेला, तर त्या दिवशी सोपवणं तिथेच संपतं. गावात बातमी होते की खरं चालतं ते म्हाताऱ्याचंच.

चौथी पायरी: धंद्याची खरी किंमत काढा

भांडणं इथे होतात, म्हणून थोडं थांबून आकडे मांडू. अण्णांच्या दुकानात माल ४० लाखांचा, येणं १८ लाख. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं कर्ज २५ लाख, पुरवठादारांचं देणं १२ लाख. म्हणजे धंद्याची निव्वळ किंमत २१ लाख. गाळा ६० लाखांचा. नाशिक आणि पुण्याहून बघणाऱ्याला वाटतं, दुकान म्हणजे कोटीच्या घरातला ऐवज.

आता नफा पाहा. वह्यांत वर्षाचा नफा १० लाख दिसतो. पण गाळा स्वतःचा म्हणून भाडं धरलेलं नाही. बाजारभावाने महिना २५ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख. अण्णा आणि थोरला दोघं राबतात, त्यांचा पगार धरलेला नाही. प्रत्येकी २५ हजार महिना धरला तरी वर्षाचे ६ लाख. उरले १ लाख. धंदा कमावतो तो एवढा, बाकी सगळी दोघांची मेहनत आणि गाळ्याचं भाडं.

हा हिशेब सगळ्यांसमोर कागदावर मांडला की बोलण्याचा सूर बदलतो. ताई आणि धाकटा ज्या वाट्याबद्दल बोलत असतात तो बराचसा गाळ्याचा असतो, दुकानाचा नव्हे. थोरल्यालाही कळतं की पंधरा वर्षं आपण पगार न घेता काम केलं, आणि त्याची नोंद कुठेच नाही. म्हणून आजपासून त्याला रीतसर पगार द्या. घरखर्च दुकानातून चालतो म्हणून पगार कशाला, ही पद्धत पुढे जाऊन भावाभावांत तेढ आणते.

मग रस्ते निघतात. धंदा थोरल्याला, कर्जासकट. गाळाही त्यालाच, आणि त्याने बहीण-भावाला त्यांचा वाटा ठरावीक वर्षांत हप्त्याने द्यायचा. किंवा गाळा तिघांच्या नावे आणि थोरला बाकीच्यांना भाडं देणार. मग भाड्याचा करार नोंदवलेला, लांब मुदतीचा, आणि वाढ किती टक्के हे आत लिहिलेलं हवं. किंवा घर, एफडी, विमा ताई-धाकट्याला आणि दुकान-गाळा थोरल्याला. माझा कल या तिसऱ्या रस्त्याकडे आहे, पण त्याला धंद्याबाहेर मालमत्ता लागते. ती नसेल तर आत्ताच विमा घ्या. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे घेतलेल्या आयुर्विम्याच्या रकमेवर धंद्याचे धनको हात टाकू शकत नाहीत. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज जोडावा लागतो. सीसीएवढ्या रकमेचा साधा टर्म प्लॅन, हा साठीच्या आतल्या मालकासाठी स्वस्तातला उपाय.

सगळ्यांना सारखं देण्याच्या हट्टाने दुकानाचे तीन तुकडे करू नका. एका काउंटरला तीन मालक झाले की पुरवठादार उधारीवर माल सोडताना कचरतो.

पाचवी पायरी: धंद्याचा सांगाडा बदला

अण्णा हयात असतानाच प्रोप्रायटरशिपची भागीदारी करणं हा नेहमीचा उपाय. अण्णा, काकू आणि थोरला, असे तीन भागीदार घ्या. तीन का, ते वर आलंच: एक गेला तरी दोघं उरतात आणि फर्म चालू राहते. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही, त्याच्या जागी कोण येईल, गेलेल्याच्या भांडवलाचा हिशेब कोणत्या पद्धतीने होईल, आणि ते पैसे वारसांना किती हप्त्यांत मिळतील. हप्त्यांचं लिहिलेलं नसेल तर वारस सगळी रक्कम एकदम मागू शकतात, आणि हिशेब पुरा होईपर्यंत नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याजही. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलाला भागीदार करता येत नाही, फक्त फायद्यात सामील करून घेता येतं. फर्म निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्या उधारीसाठी दावा लावता येत नाही.

तोटेही आहेत. फर्मच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आयकर लागतो, मालकीच्या धंद्यासारखे स्लॅब नाहीत. भागीदारांचा पगार ठरावीक मर्यादेत वजा होतो म्हणून छोट्या दुकानाला फार झळ पोचत नाही, तरी हिशेब करून पाहा. नवा पॅन, नवी जीएसटी, नवं खातं, नवं उद्यम. जुन्या नोंदणीतलं शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नव्या नोंदणीकडे नेण्यासाठी आयटीसी-०२ हा फॉर्म असतो. जुनी नोंदणी रद्द करण्याआधी तो भरायचा.

गाळा फर्ममध्ये भांडवल म्हणून घालू नका. आयकरात ते हस्तांतर धरलं जातं, आणि मुद्रांक शुल्कही लागतं. अण्णांच्या नावावर राहू द्या, फर्मने भाडं द्यावं.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा खासगी कंपनी केली तर माणूस गेला तरी संस्था टिकते. एलएलपीत एकच भागीदार उरला तर सहा महिन्यांत दुसरा घ्यावा लागतो. एकट्याला कंपनीच हवी असेल तर वन पर्सन कंपनी आहे, तिथे वारस म्हणून एका व्यक्तीचं नाव तिच्या लेखी संमतीने सुरुवातीलाच द्यावं लागतं. ज्यांची उलाढाल मोठी, कर्ज मोठं किंवा बाहेरचा भागीदार आहे, त्यांनी हे करावं. किराणा आणि हार्डवेअरवाल्याला कंपनीच्या ऑडिटचा आणि दरवर्षीच्या फॉर्मांचा जाच परवडत नाही.

सहावी पायरी: मृत्युपत्र आणि नॉमिनी

मृत्युपत्र नसलं तर काय होतं ते आधी पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अण्णांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे आई, पत्नी आणि तिन्ही मुलं यांच्यात पाच समान हिस्से. दुकानात पंधरा वर्षं घालवलेल्या थोरल्याला पाचवा हिस्सा, आणि ऐंशीपुढच्या आजीलाही पाचवा. आजीचा तो हिस्सा तिच्यामागे तिच्या वारसांकडे, म्हणजे अण्णांच्या भावा-बहिणींकडेही जाणार. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर ताईचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रात ही दुरुस्ती १९९४ लाच झाली होती, देशभर २००५ मध्ये. 'लग्नात दिलंय तिला' हे कायद्याला मान्य नाही.

धंदा बाईंच्या नावावर असेल तर मृत्युपत्र आणखी निकडीचं. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि पती-मुलं नसतील, तर तिची स्वतः कमावलेली मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. पार्लर, खानावळ, मसाल्याचा उद्योग चालवणाऱ्या ज्या बायका आईला सांभाळतात त्यांनी हे वाचून लगेच कागद घ्यावा.

साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत. वयाने आपल्यापेक्षा लहान साक्षीदार घ्या. वय झालं असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडा. मी तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा असंच सांगतो, उद्या सहीवर वाद निघाला तर जड जात नाही. दुकानाबद्दल 'माझा सर्व व्यवसाय' इतकंच लिहून भागत नाही. माल, येणं, देणं, सीसी, डिपॉझिट, दुकानाचं नाव, ट्रेडमार्क, फोन नंबर, गाडी असं सुटं लिहा, आणि जो धंदा घेईल तो त्याचं देणंही घेईल हे वाक्य घाला.

मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं. गोव्यात तर वेगळाच कायदा: पतिपत्नींची मालमत्ता सहसा सामाईक असते आणि मुलांसाठी निम्मा भाग राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. म्हापशाच्या दुकानदाराने कोल्हापूरच्या मावसभावाचा मसुदा उतरवून घेऊ नये.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज आता तरी जायला हवा. नॉमिनी म्हणजे सहसा मालक नव्हे. पैसे स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा तो विश्वस्त. शेअर्सच्या बाबतीत हेच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात स्पष्ट केलं. तरीही नॉमिनी ठेवाच, कारण पैसे लवकर मोकळे होतात. मालकी धंद्याच्या चालू खात्यालाही नॉमिनी ठेवता येतो, पुष्कळांना बँक ते सांगत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. मृत्युपत्रात एक नाव आणि खात्यावर दुसरं असं ठेवू नका. कायद्याने निकाल लागेल, पण तोवर सणावाराला एकमेकांकडे जाणं बंद होईल.

हयातीतच बक्षीसपत्र करणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, पत्नीला दिली तर मुद्रांक २०० रुपये. गाळ्याला ही सवलत नाही. आणि बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही, मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. अण्णांनी गाळा आज देऊन टाकू नये, असं माझं मत.

आणि काहीच केलेलं नसताना मालक गेला असेल तर

सुतकात धंद्याचं बोलू नये असं म्हणतात, पण काही मुदती थांबत नाहीत.

मृत्यूच्या दाखल्याच्या पंधरा-वीस मूळ प्रती आधी काढून ठेवा. गेलेल्याच्या फोनवरून नेट बँकिंग करून पैसे काढण्याचा मोह टाळा. इतर वारसांपैकी एकानेही हरकत घेतली तर ते फार महागात पडतं. बँकेला लेखी कळवा, चालू चेकची यादी द्या, आणि सीसीचं काय करायचं ते शाखाधिकाऱ्यांशी स्वतः जाऊन बोला. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती असते, पण जामीन म्हणून ज्याची सही आहे तो पूर्ण अडकतो. काकूंनी कुठे कुठे सह्या केल्या आहेत ते आधी पाहा.

धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाने ३० दिवसांच्या आत स्वतःच्या नावाने जीएसटीसाठी अर्ज करावा. कारण म्हणून मालकाचा मृत्यू निवडायचा. मग आयटीसी-०२ ने क्रेडिट हलवायचं आणि जुनी नोंदणी आरईजी-१६ या फॉर्मने रद्द करायची. जुना मोबाइल बंद असेल तर आपल्या भागातल्या कर अधिकाऱ्याकडे कागद घेऊन जावं लागतं. ध्यानात ठेवा: धंदा चालू ठेवला तर जुन्या जीएसटीची थकबाकी चालवणाऱ्यावर येते, बंद केला तर ती मिळालेल्या मालमत्तेपुरती. थकबाकी मोठी असेल तर आधी करसल्लागाराशी बसा, मग शटर उघडा.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा) परवाना मृत्यूनंतर तीन महिने कुटुंबाला वापरता येतो, तेवढ्यात बदल करून घ्या. टेम्पोसाठी आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करायचा. मालाच्या विम्याची पॉलिसी सगळ्यांत शेवटी आठवते. ती आधी बघा, गेलेल्या माणसाच्या नावाच्या पॉलिसीवर आगीचा दावा भांडून मिळवावा लागतो. इतर वारसांना हक्क सोडायचा असेल तर साध्या संमतीपत्राने गाळा फिरत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

घरात कोणालाच नको असेल तर

हेही उत्तर आहे, आणि लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. मात्र विकायचं तर स्वतः काउंटरवर उभे असताना विका. चालू दुकानाला गिऱ्हाइकांच्या ओळखीची किंमत मिळते, बंद शटरमागे फक्त जुना माल उरतो. पहिला प्रस्ताव पंधरा-वीस वर्षं सोबत असलेल्या कामगाराला द्या. त्याच्याकडे एकदम पैसे नसतात, पण गिऱ्हाईक त्याला ओळखतं. माल आणि नावाची किंमत तीन वर्षांच्या हप्त्यांनी, पहिले सहा महिने तुम्ही दुपारपर्यंत दुकानात, अशी बोली करा. जुनी येणी तुमची की त्याची, हे करारात लिहा. सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतात. गाळा विकू नका. तो लीव्ह अँड लायसन्सने त्यालाच द्या, करार नोंदवून घ्या, म्हणजे हप्ते संपल्यावरही तुम्हा नवरा-बायकोला दरमहा भाडं येत राहील.